गॅमा-किरण खगोलशास्त्र : संशोधनाची वाट आणि तिचा हिशेब

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट असते; गॅमा-किरण खगोलशास्त्रात जमिनीवरून ज्यांचा माग काढला जातो त्या फोटॉनची ऊर्जा तिच्या अब्जावधी पट असते. असे किरण ताऱ्यांच्या साध्या उष्णतेतून निर्माण होत नाहीत. स्फोट पावलेल्या ताऱ्यांचे अवशेष, वेगाने फिरणारे न्यूट्रॉन तारे आणि दीर्घिकांच्या केंद्रस्थानी असलेली महाकाय कृष्णविवरे यांच्या परिसरात भारित कणांना प्रचंड वेग मिळतो, तेव्हा ते उत्सर्जित होतात. विद्यार्थी या विषयाकडे वळतात ते बहुधा अशा वर्णनांनी भारावून. मात्र संशोधकाचा दिवस कोणत्या कामात जातो हे त्यांवरून कळत नाही, आणि पालकांच्या काळजीचे उत्तर त्या कामाच्या स्वरूपातच शोधावे लागते.

गॅमा किरण वातावरणात शोषले जात असल्यामुळे जमिनीवरील दुर्बीण त्यांना प्रत्यक्ष टिपू शकत नाही. किरण वातावरणात शिरला की इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची जोडी जन्मते, तिच्यापासून कणांचा वर्षाव सुरू होतो, आणि हे कण हवेतील प्रकाशाच्या वेगापेक्षा अधिक वेगाने धावत असल्यामुळे निळसर, क्षीण अशी चमक उमटते. तिला चेरेनकॉव्ह प्रकाश म्हणतात. ही चमक सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरतीच टिकते, परंतु खरी अडचण तिच्या क्षणिकपणाची नाही. अवकाशातून सतत येणारे भारित कण, म्हणजे विश्वकिरण, अशीच चमक निर्माण करतात आणि त्यांची संख्या गॅमा किरणांपेक्षा कितीतरी अधिक असते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात व्हिपल वेधशाळेची 10 मीटर व्यासाची दुर्बीण 1968 मध्ये उभी राहिली, पण वृषभ राशीतील क्रॅब तेजोमेघाकडून येणाऱ्या अतिऊर्जावान गॅमा किरणांचा निःसंदिग्ध पुरावा ट्रेव्हर वीक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाला तो 1989 मध्ये. या दोन दशकांत दुर्बीण तीच राहिली. सुधारला तो कॅमेरा आणि बदलली ती विश्लेषणाची पद्धत. गॅमा किरणाच्या वर्षावाची प्रतिमा निमुळती, लंबवर्तुळाकार आणि स्रोताकडे रोख असलेली असते, तर विश्वकिरणाची पसरट व विस्कळीत, हे मायकेल हिलास यांनी 1985 मध्ये संगणकीय प्रतिरूपणाच्या, म्हणजे वर्षावाची गणिताने नक्कल करण्याच्या, आधारे दाखवून दिले होते. तेव्हापासून या क्षेत्रातील संशोधकाचे बहुतांश आयुष्य आकाश पाहण्यात नव्हे, तर आकडे पाखडण्यात जाते, आणि ज्याला संख्याशास्त्र व संगणकलेखन कंटाळवाणे वाटते त्याने हे वेळीच ओळखलेले बरे.

भारतात हे संशोधन नवे नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राची टॅक्टिक ही दुर्बीण माउंट अबू येथे आहे. लडाखमधील हानले येथे टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी सात दुर्बिणींची हगार ही मांडणी उभारली, आणि तेथेच सुमारे 4,300 मीटर उंचीवर 21 मीटर व्यासाच्या मेस या दुर्बिणीचे उद्घाटन ऑक्टोबर 2024 मध्ये झाले. मेसच्या कॅमेऱ्यात 1,088 प्रकाशगुणक नलिका, म्हणजे अतिक्षीण प्रकाशाचे विद्युत्-स्पंदात रूपांतर करून तो अनेक पटींनी वाढवणारी उपकरणे, बसवलेल्या आहेत. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सची गोडी असलेल्या विद्यार्थ्यालाही येथे मानाचे काम असते.

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय असावे लागतात. पुढे पुण्यातील आयसरसारख्या संस्थेतील एकात्मिक अभ्यासक्रम किंवा महाविद्यालयातील बीएस्सी व नंतर एमएस्सी, हे दोन्ही मार्ग चालतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात शिकल्याने वाट बंद होते ही समजूत निराधार आहे, मात्र तेथे प्रयोगशाळेत हात किती चालले यावर पुष्कळ अवलंबून असते. पीएचडीच्या प्रवेशासाठी नेट, जेस्ट किंवा संस्थांच्या स्वतंत्र परीक्षा द्याव्या लागतात.

पैशाबाबत आडपडदा ठेवण्याचे कारण नाही. केंद्रीय संशोधन छात्रवृत्ती जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि त्यानंतर 42,000 रुपये अशी असून घरभाडे भत्ता वेगळा मिळतो. म्हणजे पीएचडीच्या काळात घरावर भार पडत नाही, पण बचतही फारशी होत नाही. पीएचडीला पाच-सहा वर्षे आणि त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे मुदतीच्या करारावरील संशोधन, बहुधा परदेशात. हे सारे जमेस धरता कायम नोकरी मिळेपर्यंत तिशी ओलांडते, आणि अशा जागा मोजक्याच असतात. ज्या कुटुंबाला लवकर स्थैर्य हवे त्याने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेचा विचार करावा, कारण तेथे एमएस्सीनंतर निवड झाल्यास एका वर्षाच्या प्रशिक्षणानंतर वैज्ञानिक अधिकारीपद मिळते. अर्थात नेमणूक याच विषयात होईल अशी हमी नसते. संशोधन सोडावे लागले तरी शिक्षण वाया जाते असे नाही: विदा-विश्लेषणाची कौशल्ये उद्योगांत लागतात, आणि रुग्णालयातील पेट स्कॅनही गॅमा किरणच टिपत असल्यामुळे, स्वतंत्र पदविका घेऊन, वैद्यकीय भौतिकीकडे वळता येते.

निर्णय घेण्यापूर्वी आवडीची परीक्षा घेण्याचा एक मार्ग विनाखर्च उपलब्ध आहे. फर्मी या अमेरिकी उपग्रहाची 2008 पासूनची निरीक्षणे व ती वाचण्याची संगणकप्रणाली सर्वांना खुली आहे; बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या सुटीत विद्यार्थ्याने पायथन शिकून एखाद्या ब्लेझरचा, म्हणजे जिच्या कृष्णविवराजवळून निघणारा कणांचा झोत नेमका पृथ्वीकडे रोखलेला आहे अशा दीर्घिकेचा, तेजस्वितेतील चढउतारांचा आलेख काढून पाहावा. पहिले काही आठवडे आलेखात गोंधळाखेरीज काही दिसणार नाही, आणि तो गोंधळ कशामुळे आहे हे शोधण्यात त्याचे मन रमते की नाही, हे पालकांनाही घरबसल्या दिसेल.