दोष ड्रायव्हरचा की डिशचा?

पुणे

प्रिय सोन्या,

ट्यूनर कार्ड चालत नाही, लिनक्सचा ड्रायव्हरच बेकार आहे, असं तू कळवलंस. माझं ऐक, ड्रायव्हरला नावं ठेवण्याआधी गाडी नेमकी कुठे अडली ते शोध.

खोक्यावरच्या नावावर जाऊ नकोस. त्याच नावाखाली आतली चिप बदललेली असू शकते आणि ड्रायव्हर लिहिलेला असतो तो चिपसाठी. टर्मिनलवर ‘एलएसपीसीआय’ चालवून कार्डाचा क्रमांक उतरवून घे. मग ‘डीमेसग’ने दाखवलेले संदेश ओळ न् ओळ वाच. फर्मवेअरची फाइल मिळत नाही असं तिथे आलं, तर ड्रायव्हर शाबूत आहे, चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम तेवढा हवाय. जी फाइल मागितली आहे तीच, त्याच नावाने, फर्मवेअरच्या फोल्डरात ठेव. नंतर पीसी पूर्ण बंद करून चालू कर. नुसत्या रीस्टार्टमध्ये कार्डाची वीज बरेचदा तुटत नाही आणि चिप जुन्याच अवस्थेत अडकून राहते.

‘डेव्ह’ फोल्डरात ‘डीव्हीबी’ आणि त्याखाली ‘फ्रंटएंड’ दिसला की पुढचं काम आपल्या पनवेलच्या गच्चीवर. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. प्रबळगड पूर्वेला, कर्नाळ्याचा सुळका दक्षिणेला. या दोन्हींच्या मधोमध, आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५८ अंश वर डिशचा रोख हवा. आधी शेजारच्यांचा सेट-टॉप बॉक्स डिशच्या त्याच केबलला लावून चित्र येतं का बघ. त्यावरही आलं नाही, तर रात्रभर कोड वाचून काय उपयोग? आणि मुसळधार पावसात कुठलाच निष्कर्ष काढू नकोस, केयू बँडचा सिग्नल तेव्हा पडतोच.

बॉक्सवर चित्र आलं आणि कार्डावर नाही, तर डिशच्या तोंडाशी बसवलेल्या एलएनबीचं गणित तपास. ११०९० मेगाहर्ट्झमधून एलएनबी ९७५० वजा करतो आणि केबलमधून १३४० खाली उतरतात. स्कॅन करताना एलएनबीचा प्रकार चुकला, तर कार्ड भलत्याच जागी शोधत बसतं. व्हर्टिकलसाठी १३ व्होल्ट लागतात, हॉरिझाँटलसाठी १८. काही कार्डांना त्यासाठी एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावी लागते. मल्टिमीटर आहे ना घरात? कार्डाच्या कनेक्टरवर मोज. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिहीत जा.

सीडीवरचा कंपनीचा तयार ड्रायव्हर मात्र टाकू नकोस, लवकर चालला तरी. तो लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, एखाद्या ठरावीक आवृत्तीपुरता बांधलेला असतो. कर्नल बदलला आणि कंपनीने लक्ष काढून घेतलं की चांगलं कार्ड भंगारात. कर्नलमधल्या ड्रायव्हरचं तसं नाही. कर्नलच्या आत जो बदल करतो, त्याने त्यावर अवलंबून असलेले ड्रायव्हरही दुरुस्त करायचे, अशी तिथली रीत आहे. डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रसारण पद्धतीसाठीची सोय कर्नलमध्ये आली ती २.६.२८ मध्ये, डिसेंबर २००८ ला, आणि त्याआधी दोन वेगवेगळ्या रचनांवरून बराच काळ वाद चालला होता. लोकांनी आपला वेळ देऊन हे उभं केलंय, म्हणून ‘बेकार’ हा शब्द मला लागला.

तुझ्या कार्डाचा क्रमांक ड्रायव्हरच्या यादीतच नसला आणि चिप ओळखीची असली, तर तो यादीत घालून बघ. चाललं, तर तो पॅच हे ड्रायव्हर सांभाळणाऱ्या लिनक्सटीव्हीच्या लोकांना पाठव, सोबत कार्डाचं नाव आणि डीमेसगचा मजकूर. आधी मला दाखव, हवं तर. स्क्रीनचा फोटो नको, मजकूरच पाठव.

तुझी,
आत्या