मनोरुग्ण-परिचर्येचे उच्च शिक्षण : वाट आणि पारख

परिचारिका हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर जखम बांधणारी, सुई टोचणारी अथवा बाळंतिणीच्या उशाशी बसलेली स्त्री उभी राहते. मनाच्या आजाराने पीडित माणसाची शुश्रूषा हेही परिचर्येचेच एक अंग आहे, त्यासाठी स्वतंत्र शिक्षण आहे आणि ते पदव्युत्तर पातळीपर्यंत घेता येते, याची माहिती खेड्यांतील पालकांना आणि पुष्कळदा शाळांतील शिक्षकांनाही नसते. बारावीनंतर परिचर्येकडे वळणाऱ्या मुलामुलींना या वाटेची ओळख व्हावी, तसेच वाटेवरील धोक्यांची वेळीच जाण यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी ग्वाल्हेर हे शहर घेतले आहे. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या या शहरात मनोरुग्णांचा प्रश्न आणि परिचर्या-शिक्षणाचा प्रश्न असे दोन्ही प्रश्न न्यायालयापुढे आले, आणि दोहोंतून एकच बोध मिळतो.

प्रश्नाची व्याप्ती

२०१५-१६ मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने (निम्हान्स) बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यांत मध्य प्रदेशाचाही समावेश होता. प्रौढ लोकसंख्येपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. म्हणजे शंभर घरांच्या गावात असे रुग्ण असणारच. परंतु त्यांतील बहुतेकांचा पहिला मुक्काम देवऋष्याच्या ओट्यावर अथवा घरातील बंद खोलीत असतो.

मानसोपचारतज्ज्ञांची संख्या मोठ्या शहरांबाहेर फार तोकडी आहे. तज्ज्ञ रुग्णाला काही मिनिटे पाहतो. उरलेले रात्रंदिवस रुग्ण परिचारिकेच्या नजरेखाली असतो. त्याने गोळी खरोखर गिळली की जिभेखाली दडवली, तो रात्री किती झोपला, कालपर्यंत रडणारा मनुष्य आज एकाएकी शांत का झाला आणि सामानसुमान का वाटू लागला, हे प्रथम तिलाच दिसते. असे अचानक शांत होणे कधी कधी सुधारणेचे नव्हे, तर आत्मघाताच्या निश्चयाचे लक्षण असते. शिकलेल्या डोळ्यालाच हा भेद कळतो.

दुसरे उदाहरण औषधाचे घेऊ. उन्माद-अवसादाच्या विकारात लिथियम हे औषध दिले जाते. त्याचे रक्तातील योग्य प्रमाण आणि घातक प्रमाण यांत अंतर थोडे असते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यातील उन्हाळ्यात घाम, उलट्या अथवा जुलाब यांमुळे शरीरातील पाणी व मीठ कमी झाले, तर तीच नेहमीची मात्रा विषासमान ठरू शकते. हात थरथरणे, तोल जाणे, जीभ जड होणे ही लक्षणे अशिक्षित कर्मचाऱ्याला वेडाची वाटतील. प्रशिक्षित परिचारिका मात्र पुढील मात्रा थांबवून तत्काळ डॉक्टरांना कळवील. रुग्णाचे प्राण वाचणे वा न वाचणे हे अशा वेळी तिच्या शिक्षणावर अवलंबून असते.

ग्वाल्हेरच्या आरोग्यशाळेचा धडा

ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाला संस्थानी राजवटीत, १९३५ साली स्थापन झाली. पुढे देशातील इतर अनेक जुन्या मनोरुग्णालयांप्रमाणे तेथील व्यवस्थेविषयीही तक्रारी झाल्या. रांची, आग्रा व ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांची स्थिती जनहित याचिकांद्वारे सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली गेली. राकेशचंद्र नारायण विरुद्ध बिहार राज्य हे त्यांतील प्रमुख प्रकरण होय. ११ नोव्हेंबर १९९७ च्या आदेशाने या तिन्ही संस्थांच्या कारभारावर देखरेख ठेवण्याचे काम न्यायालयाने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपविले. आयोगाने निम्हान्सच्या साहाय्याने देशातील ३७ शासकीय मनोरुग्णालयांची पाहणी करवून घेतली व तिचा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध केला. तुरुंगासारख्या इमारतींप्रमाणेच प्रशिक्षित मनुष्यबळाची उणीव हाही त्या पाहणीतून पुढे आलेला मोठा दोष होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भिंत पाडता येते, कोठडीचे गज काढता येतात, नवे पलंग विकत आणता येतात. प्रशिक्षित परिचारिका मात्र विकत आणता येत नाही. ती घडवावी लागते, आणि त्यास वर्षे लागतात.

शिक्षणाच्या पायऱ्या

आपल्या देशात मनोरुग्ण-परिचर्येच्या शिक्षणाला पद्धतशीर रूप आले ते स्वातंत्र्यानंतर. १९४६ च्या भोर समितीने मानसिक आरोग्याच्या शिक्षणासाठी स्वतंत्र संस्थेची शिफारस केली. १९५४ साली बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली आणि त्याच दशकात तेथे परिचारिकांसाठी मनोरुग्ण-परिचर्येची पदविका सुरू करण्यात आली. १९७४ साली ती संस्था तेथील मनोरुग्णालयात विलीन होऊन निम्हान्स अस्तित्वात आली. आजची शिक्षणाची वाट पुढीलप्रमाणे आहे :

१. पाया. याला दोन दारे आहेत. पहिले बी.एस्सी. नर्सिंग : मुदत चार वर्षे, बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आवश्यक. दुसरे जी.एन.एम., म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या पदविका : मुदत तीन वर्षे. दोन्ही अभ्यासक्रमांत मानसिक आरोग्य परिचर्या हा सक्तीचा विषय असून मनोरुग्ण-कक्षात प्रत्यक्ष कामही करावे लागते. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उपयुक्त असला, तरी तेवढ्यावर पदव्युत्तर शिक्षणाचे दार उघडत नाही. हे दार पुरुषांनाही खुले आहे. मात्र काही शासकीय संस्थांतील जागा स्त्रियांसाठी राखीव असतात, म्हणून माहितीपत्रक पाहून घ्यावे.

२. नोंदणी. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राज्याच्या परिचर्या परिषदेत नाव नोंदविल्यावाचून परिचारिका म्हणून काम करता येत नाही. नोंदणी हीच परिचारिकेची खरी सनद होय.

३. जोडपूल. जी.एन.एम. झालेल्यांना दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. पदवी घेता येते. ज्यांना लवकर नोकरी धरावयाची आहे, त्यांच्यासाठी मनोरुग्ण-परिचर्येची एक वर्षाची पदविका हा चांगला मार्ग आहे. नोकरीत असलेल्या अनेक परिचारिका याच वाटेने या क्षेत्रात येतात.

४. पदव्युत्तर पदवी. एम.एस्सी. नर्सिंग हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यात मनोरुग्ण-परिचर्या ही एक स्वतंत्र विशेष शाखा आहे. प्रवेशासाठी बी.एस्सी. अथवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. पदवीस सामान्यतः किमान ५५ टक्के गुण, परिषदेतील नोंदणी व एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. मानसशास्त्र, मनोविकारांचे स्वरूप, औषधांचे गुणदोष, समुपदेशन, कुटुंबाशी व समाजाशी करावयाचे काम आणि एक शोधनिबंध असा अभ्यास त्यात असतो. यापुढे पीएच.डी. करता येते.

हिशेब मांडला, तर बारावीनंतर बी.एस्सी.ची चार वर्षे, अनुभवाचे एक आणि एम.एस्सी.ची दोन अशी किमान सात वर्षे लागतात. पालकांनी प्रारंभीच हे गणित समजून घ्यावे, म्हणजे मध्येच हातपाय गाळण्याची वेळ येत नाही.

‘नर्स प्रॅक्टिशनर’ या नावाचा अर्थ

अलीकडे जाहिरातींतून ‘सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर’ हे नाव कानी पडते. ही संज्ञा मूळची अमेरिकेची. हिल्डेगार्ड पेप्लॉ या विदुषीने १९५४ च्या सुमारास रटगर्स विद्यापीठात मनोरुग्ण-परिचर्येचे तज्ज्ञ घडविणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. १९६५ साली लोरेटा फोर्ड व हेन्री सिल्व्हर यांनी कोलोरॅडो विद्यापीठात ‘नर्स प्रॅक्टिशनर’ ही कल्पना प्रथम बालरोगांच्या क्षेत्रात राबविली. पुढे या दोन प्रवाहांच्या संगमातून आजची पदवी घडली. तेथे ही परिचारिका रोगनिदान करते, औषध लिहून देते, आणि अनेक राज्यांत स्वतंत्रपणे रुग्णसेवा चालविते.

भारतात तसे नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०६ अन्वये कोणाही मानसिक आरोग्य व्यावसायिकाने आपल्या व्यवसायाच्या क्षेत्राबाहेरील औषध वा उपचार सुचविणे निषिद्ध आहे. एम.एस्सी. झालेल्या परिचारिकेनेही मनोविकाराची औषधे स्वतःच्या अधिकारात लिहून देणे अपेक्षित नाही. म्हणून परदेशी नावाला भुलून कोणी कमी मुदतीचे प्रमाणपत्र विकत घेऊ नये. अमेरिकेत ते काम करावयाचे असल्यास तेथील परवाना-परीक्षा, तेथील मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी व प्रमाणन या तिन्ही गोष्टी पूर्ण कराव्या लागतात.

तथापि आपल्या कायद्याने परिचारिकेला दिलेले स्थान लहान नाही. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या या अधिनियमात ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ हिची स्वतंत्र व्याख्या आहे. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केल्यास ती मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून काम करू शकते. याच अधिनियमाने रुग्णास साखळदंडाने बांधणे निषिद्ध ठरविले आहे. कायद्याचे हे अक्षर रात्रपाळीत, कोणी पाहत नसताना, पाळले जाते की नाही हे अखेर परिचारिकेवरच अवलंबून असते.

संस्थेची पारख

आता ग्वाल्हेरच्या दुसऱ्या प्रकरणाकडे वळू. मध्य प्रदेशात अनेक परिचर्या महाविद्यालये पुरेसे अध्यापक, प्रयोगशाळा वा रुग्णालय नसताना चालत असल्याच्या तक्रारी उच्च न्यायालयापुढे आल्या. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने परिचर्येच्या परीक्षा स्थगित केल्या. न्यायालयाच्या आदेशानुसार केंद्रीय अन्वेषण विभागाने राज्यातील तीनशेहून अधिक महाविद्यालयांची तपासणी केली व त्यांतील अनेक अपात्र अथवा त्रुटिपूर्ण ठरली. २०२४ मध्ये तपासणी करणाऱ्यांपैकीच काहींना लाचखोरीच्या आरोपावरून अटक झाली आणि पात्र ठरलेल्या महाविद्यालयांचीही फेरतपासणी करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. या साऱ्यात विद्यार्थ्यांची वर्षे वाया गेली. जमीन गहाण टाकून वा कर्ज काढून शुल्क भरणाऱ्या कुटुंबांना त्याची झळ सर्वाधिक लागली.

ही दोन प्रकरणे वरवर निराळी दिसतात. वस्तुतः ती एकाच दोरीची दोन टोके आहेत. ज्या मुलीने शिकताना मनोरुग्ण-कक्षाचे तोंडही पाहिले नाही, तिच्या हाती उद्या मनोरुग्ण सोपविला, तर आरोग्यशाळेच्या बाबतीत न्यायालयाला जे करावे लागले, तेच पुन्हा करावे लागेल. विद्यार्थिनीची फसवणूक ही अखेरीस रुग्णाची फसवणूक असते.

यासाठी प्रवेश घेण्यापूर्वी पुढील गोष्टी पडताळून पाहाव्यात :

(अ) राज्य परिचर्या परिषदेची चालू वर्षाची मान्यता आहे काय, आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत संस्थेचे नाव आहे काय? परराज्यात नोकरी करावयाची असल्यास हे विशेष महत्त्वाचे आहे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाच्या जागी राष्ट्रीय आयोग स्थापण्यासाठी २०२३ साली नवा अधिनियम संमत झाला आहे. त्यासंबंधीच्या सूचनांकडेही लक्ष ठेवावे.

(आ) कोणत्या विद्यापीठाशी संलग्नता आहे, व मागील तुकडीची परीक्षा वेळेवर झाली काय?

(इ) संस्थेचे स्वतःचे वा संलग्न रुग्णालय कोणते? मनोरुग्ण-कक्षातील प्रात्यक्षिक कोठे होते? शक्य तर ते ठिकाण स्वतः जाऊन पाहावे.

(ई) एम.एस्सी.साठी मनोरुग्ण-परिचर्या शाखेला स्वतंत्र मान्यता आहे काय, आणि त्या शाखेचे पात्र अध्यापक आहेत काय?

(उ) ‘हजेरी लागणार नाही’, ‘घरबसल्या पदवी’ असे सांगणाऱ्या दलालास दारातूनच परत पाठवावे. परिचर्या घरबसल्या शिकता येत नाही.

गावाचे कर्तव्य

शिक्षकांनी अकरावी-बारावीच्या वर्गात या वाटेची माहिती द्यावी. ग्रामपंचायत व आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रवेशाच्या हंगामात वरील यादी सूचनाफलकावर लावावी. ‘वेड्यांच्या दवाखान्यात’ काम करणाऱ्या मुलीच्या लग्नाची चिंता करणारे पालक आजही भेटतात. त्यांना सांगावे की, ज्या घरात असा आजार येतो, त्या घराला या मुलीची किंमत विचारा. तोवर गावात कोणी मानसिक व्यथेत असल्यास १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, हेही सर्वांना ठाऊक असावे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. बारावीनंतर मनोरुग्ण-परिचर्येत एम.एस्सी. होण्यास किमान किती वर्षे लागतात? टप्पे सांगा.
२. अमेरिकेतील नर्स प्रॅक्टिशनर व भारतातील एम.एस्सी. परिचारिका यांच्या अधिकारांत कोणता फरक आहे?
३. उन्हाळ्यात लिथियम घेणाऱ्या रुग्णाकडे विशेष लक्ष का द्यावे लागते?
४. आपल्या तालुक्याच्या जवळचे मान्यताप्राप्त परिचर्या महाविद्यालय कोणते? वरील पाच कसोट्यांवर त्याची माहिती मिळवा व वर्गात वाचून दाखवा.