झाडाचे कलम आणि माणसाचे मूत्रपिंड

मोर्शी-वरूडचा मुलूख संत्र्यांचा. इथले शेतकरी जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. खाली जंबेरी, वर संत्रा. दोन्ही एकजीव होतात आणि झाड फळते.

माणसाच्या शरीराचे तसे नाही. ते परके अंग सहजासहजी स्वीकारत नाही.

आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस एकेक मूत्रपिंड असते. त्यालाच आपण किडनी म्हणतो. ते मुठीएवढे असते, पण रात्रंदिवस रक्त गाळते. रक्तातली घाण लघवीवाटे बाहेर टाकते. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, की ही घाण अंगात साठते. मग यंत्राने रक्त शुद्ध करावे लागते. त्याला डायलिसिस म्हणतात. नाहीतर दुसऱ्या माणसाचे मूत्रपिंड बसवावे लागते.

१९५४ साली अमेरिकेत बोस्टन शहरी डॉक्टरांना हे साधले. देणारा व घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. म्हणून शरीराने ते अंग परके मानले नाही.

पण देणारे थोडे आणि गरजू फार. म्हणून शास्त्रज्ञ डुकराकडे वळले. त्याचे मूत्रपिंड आकाराने आपल्यासारखेच असते.

कोणी विचारील, "काहो गुरुजी, डुकराचं मूत्रपिंड माणसाले कसं चालन जी?"

जसेच्या तसे चालत नाही. शेतात परके गुरू शिरले, की राखणदार त्याला हाकलतो. तसेच शरीर करते. बापाचे नाक मुलाला येते, ते जनुकांमुळे. डुकराची हीच जनुके शास्त्रज्ञ बदलतात.

मार्च २०२४ मध्ये बोस्टनला असे मूत्रपिंड प्रथमच जिवंत माणसाला बसविले. त्या डुकराच्या जनुकांत ६९ बदल केले होते. रोगी घरी गेला, पण सुमारे दोन महिन्यांनी वारला. मूत्रपिंडामुळे तो वारला, असे दिसले नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिथेच दुसऱ्या माणसाला बसविलेले मूत्रपिंड २७१ दिवस टिकले. मग ते काढावे लागले.

म्हणजे वाट सापडली आहे, पण मुक्काम दूर आहे. तोवर आपली मूत्रपिंडे आपणच जपावी. साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. अंगदुखीच्या गोळ्या मनाने खाऊ नयेत. पायांवर सूज आली, लघवी कमी झाली, तर लगेच सरकारी दवाखाना गाठावा. कोणी पैशाने मूत्रपिंड विकत देतो म्हणाला, तर फसू नये. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

प्रश्न
१. मूत्रपिंड कोणते काम करते?
२. जुळ्या भावाचे मूत्रपिंड का चालले?
३. डुकराची जनुके का बदलतात?