स्पॅनिशमधील तुलनारचना आणि मराठीतील ‘पेक्षा’

स्पॅनिश व्याकरणातील तुलनेचा पहिला पाठ अगदी सुगम असतो. ‘मास’ (अधिक) किंवा ‘मेनोस’ (कमी), त्यापुढे विशेषण, त्यापुढे ‘के’ आणि शेवटी उपमान. ‘आना एस मास आल्ता के लुईस’ म्हणजे ‘आना लुईसपेक्षा उंच आहे’. समता दाखवावयाची असल्यास ‘तान’ आणि ‘कोमो’ ही जोडी येते : ‘आना एस तान आल्ता कोमो लुईस’, म्हणजे आना लुईसइतकीच उंच आहे. अनुवादकाची खरी कसोटी मात्र ‘मास’पाशी नसून उपमानाच्या आधी येणाऱ्या लहानशा शब्दांपाशी लागते. अर्थाचा भार तेथे असतो.

या रचनेमागे एक ऐतिहासिक घडामोड आहे. लॅटिनमध्ये तरतमभाव विशेषणाला लागणाऱ्या प्रत्ययाने व्यक्त होई. स्पॅनिशने तो प्रत्यय बहुतांशी टाकला आणि ‘मागिस’ या लॅटिन क्रियाविशेषणापासून आलेला ‘मास’ स्वीकारला. फ्रेंच व इटालियन या भगिनीभाषांनी त्या जागी ‘प्लुस’चे वंशज घेतले. जुन्या पद्धतीचे अवशेष म्हणून ‘मेखोर’ (अधिक चांगला), ‘पेओर’ (अधिक वाईट), ‘मायोर’ (मोठा, थोरला) आणि ‘मेनोर’ (लहान, धाकटा) हे शब्द प्रामुख्याने उरले. संस्कृतातील ‘तर’ व ‘तम’ या प्रत्ययांची मराठीत हीच गत झाली. ‘ज्येष्ठ’ आणि ‘कनिष्ठ’ हे मुळातील तमभाववाचक शब्द मराठीत ‘त्याच्यापेक्षा ज्येष्ठ’ असे सहज वापरले जातात. तथापि मराठी एक पाऊल पुढे गेली. ‘उंच’ या विशेषणावर तुलनेची कोणतीच खूण आवश्यक नसल्याने सारा भार एकट्या ‘पेक्षा’वर किंवा पंचमीच्या ‘हून’वर पडतो.

हा भार कोठे अपुरा ठरतो, ते दोन वाक्यांवरून स्पष्ट होईल. ‘आना किएरे मास आ लुईस के आ पेद्रो’ आणि ‘आना किएरे मास आ लुईस के पेद्रो’. दोहोंत फरक आहे तो केवळ ‘पेद्रो’पूर्वीच्या ‘आ’चा. व्यक्तिवाचक कर्मापूर्वी येणारा हा ‘आ’ पहिल्या वाक्यात पेद्रोला प्रेमाचा विषय ठरवतो. तो नसल्याने दुसऱ्या वाक्यात पेद्रो स्वतः प्रेम करणारा होतो. ‘आना पेद्रोपेक्षा लुईसवर अधिक प्रेम करते’ या मराठी वाक्यातून दोन्ही अर्थ निघतात. इंग्रजीतील ‘दॅन’नेही तीच संदिग्धता निर्माण होते. म्हणून इंग्रजीच्या मध्यस्थीने झालेल्या अनुवादात प्रेम करणारा कोण आणि प्रेमाला पात्र कोण, याची अदलाबदल होऊ शकते. ‘आनाचे पेद्रोवर आहे त्यापेक्षा लुईसवर अधिक प्रेम आहे’ असे लिहिल्यास मराठीतही संदेह उरत नाही; परंतु त्यासाठी मूळ स्पॅनिश वाक्य समोर असावे लागते.

दुसरा भेद ‘के’ आणि ‘दे’ यांचा. संख्येपूर्वी सामान्यतः ‘दे’ येतो : ‘मास दे सिएन पेसोस’, शंभराहून अधिक पेसो. वाक्य नकारार्थी असले की निवड अर्थभेदक होते. ‘नो तेंगो मास दे सिएन पेसोस’ म्हणजे माझ्याजवळ शंभराहून अधिक पेसो नाहीत. कमी असू शकतील. ‘नो तेंगो मास के सिएन पेसोस’ म्हणजे माझ्याजवळ शंभर पेसोच आहेत. येथे ‘के’चे काम मराठीत ‘पेक्षा’ करीत नाही, ‘च’ करतो.

उपमानाच्या जागी संपूर्ण उपवाक्य आले, तर ‘दे लो के’ ही रचना योजतात. ‘एस मास दिफीसिल दे लो के पारेसे’ याचे मराठी रूप ‘दिसते त्यापेक्षा ते कठीण आहे’. स्पॅनिशमधील ‘लो’ आणि मराठीतील ‘त्या’ ही दोन्ही सर्वनामे येथे एकच कार्य करतात. अनेकवचनी नामाबरोबर ‘लो’चे ‘लोस’ होते, तसे ‘त्यापेक्षा’चे ‘त्यांपेक्षा’ : ‘मास लिब्रोस दे लोस के नेसेसितो’, गरज आहे त्यांपेक्षा अधिक पुस्तके. इंग्रजीच्या प्रचलित रचनेत असे सर्वनाम नसते. या बाबतीत मराठी इंग्रजीहून स्पॅनिशच्या अधिक निकट आहे.

‘मास के नुंका’ या प्रयोगातही असेच साम्य आढळते. ‘नुंका’ म्हणजे ‘कधीही नाही’. विधान होकारार्थी असूनही उपमानाच्या जागी नकारवाचक शब्द येतो. इंग्रजी वळणाने ‘पूर्वीपेक्षा अधिक’ असे लिहिणाऱ्याला मराठीत ‘कधी नव्हे इतका’ हा नकारगर्भ प्रयोग सिद्ध असल्याचे विस्मरण होते.

तात्पर्य, ‘पेक्षा’ हा स्पॅनिश तुलनेचा एकमेव मराठी पर्याय नव्हे. ‘हून’, ‘च’, ‘इतका’, ‘त्यापेक्षा’ हे सर्व पर्याय मराठीच्या भांडारात आहेत. त्यांतील कोणता कोठे योजावा, याचा निर्णय मात्र मूळ वाक्यातील ‘के’, ‘दे’ व ‘आ’ पाहूनच करता येतो. भारतीय भाषांतील अनुवादकाने स्पॅनिश प्रत्यक्ष शिकणे का आवश्यक आहे, याचे उत्तर एवढ्या लहान शब्दांतही मिळते.