निर्वासितांचें अन्न व जर्मनी देश

सिरिया देशांत २०११ सालीं युद्ध पेटलें, आणि लाखों कुटुंबें घरदार टाकून शेजारच्या तुर्कस्तान, लेबनॉन व जॉर्डन ह्या देशांत गेलीं. हे कांहीं धनाढ्य देश नव्हेत. तरी मोठा भार प्रथम त्यांनींच उचलला, हें वाचकांनीं विसरूं नये. तेथें पुष्कळ निर्वासितांना संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडून एक कार्ड मिळे. त्यावर दरमहा ठरलेली रक्कम जमा होई, व दुकानांतून तेलतांदूळ घेतां येई. ह्या संस्थेला स्वतःचें उत्पन्न नाहीं; सरकारें व इतर दाते स्वखुशीनें देतील तेवढेंच तिच्या हातीं येतें. २०१५ सालीं तें फार कमी पडलें. लेबनॉनमध्यें जुलै महिन्यांत दर माणशीं रक्कम साडेतेरा डॉलरांवर आली, म्हणजे पूर्वीच्या सुमारें निम्मी. सप्टेंबरांत जॉर्डनमधील २,२९,००० जणांचें अन्नसाहाय्य अगदींच बंद झालें. ज्या आईचें लेकरूं उपाशी आहे ती सरहद्दीचे कायदे वाचीत बसत नाहीं. युरोपाकडे निघालेल्यांचें हें एकच कारण नव्हतें, पण मोठें कारण होतें.

त्या वर्षीं जर्मनींत सुमारें ८,९०,००० आश्रयार्थी आले. एकाच प्रांतावर ओझें पडूं नये म्हणून तेथें प्रत्येकाचा वांटा ठरलेला असतो. तो काढतांना दोन तृतीयांश भार करांच्या उत्पन्नाला व एक तृतीयांश लोकसंख्येला देतात. म्हणजे ज्याच्या कणगींत अधिक, त्यानें अधिक पानें मांडावीं. गांवोगांवच्या व्यायामशाळांतून खाटा टाकिल्या गेल्या. सर्वांना हें रुचलें असें मात्र नाहीं. आश्रयगृहांना आगी लावण्याचे प्रकारही घडले.

घरीं आलेल्यांस जेवूं घालणें आणि दूर असलेल्यांच्या चुलीसाठीं दाणा धाडणें हीं दोन निराळीं कामें नव्हेत, हें जर्मन सरकारला तेव्हां उमगलें. फेब्रुवारी २०१६ मध्यें लंडनच्या परिषदेंत चॅन्सेलर अँगेला मेर्केल ह्यांनीं २०१८ पर्यंत २३० कोटी युरो देण्याचें वचन दिलें. पैकीं ५७ कोटी त्याच वर्षीं अन्न कार्यक्रमासाठीं होते. ह्यांत दया होती, तसा हिशेबही होता. आणि हिशेब होता म्हणून दान हलकें ठरतें असें आम्हांस वाटत नाहीं.

पुढें मात्र हात आंखडला. संकटग्रस्तांच्या परदेशी मदतीसाठीं जर्मनीनें २०२४ सालीं सुमारें २२० कोटी युरो ठेविले होते. २०२५ सालीं ते सुमारें १०५ कोटींवर आणिले.