डेकोराने शिकवलेल्या पाच गोष्टी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मी आयोवा राज्यातलं डेकोरा आवर्जून पाहायला सांगते. साडेसात हजारांच्या आसपास वस्ती, मधून वाहणारी अप्पर आयोवा नदी आणि नॉर्वेजियन स्थलांतरितांनी १८६१ मध्ये स्थापन केलेलं ल्यूथर कॉलेज. या गावात मला उमगलं ते असं :

१. आधी पायी हिंडा. आयोवा म्हणजे मक्याची सपाट शेतं, असं आपण धरून चालतो. शेवटच्या हिमयुगात हिमनद्या या ईशान्य कोपऱ्यापर्यंत पोचल्याच नाहीत, म्हणून इथे चुनखडीचे कडे, दऱ्या आणि झरे आहेत. डनिंग्ज स्प्रिंगचा धबधबा गावाला लागूनच आहे.

२. व्हेस्टरहाइम संग्रहालयात पेट्यांपाशी थांबा. १८७७ मध्ये ल्यूथर कॉलेजात या संग्रहाची सुरुवात झाली. नॉर्वे सोडताना सोबत घेतलेल्या लाकडी पेट्यांवर नावं, सालं आणि वेलबुट्टी रंगवलेली आहे. सगळा संसार एका पेटीत बसवताना काय घ्यायचं नि काय सोडायचं, हे ठरवणाऱ्या बायकांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

३. भाषा आपोआप टिकत नाही. ‘डेकोरा-पोस्टेन’ हे नॉर्वेजियन वृत्तपत्र इथून १८७४ पासून निघत होतं. ते वाचणारी पिढी सरत गेली आणि १९७२ मध्ये ते बंद झालं. प्रत्येक स्थलांतरित समाजाने ही दोन सालं लक्षात ठेवावीत.

४. मागे पडलेलं पुन्हा शिकता येतं. १९६७ मध्ये संग्रहालयाने रोझमालिंग ही फुलावेलींची चित्रकला शिकवायला नॉर्वेहून कलाकार बोलावला. आज तिथे लाकडावरचं कोरीवकाम आणि विणकामही शिकवतात. शिकणाऱ्याचे पूर्वज नॉर्वेचेच असावे लागत नाहीत. गावातला नॉर्डिक फेस्ट हा उत्सवही १९६७ पासूनचा. तो जुलैच्या अखेरीस भरतो. जाणार असाल तर राहायची सोय खूप आधी करा. लेफ्सा नक्की खा : उकडलेल्या बटाट्याच्या पिठाची, पोळीसारखी पातळ लाटून भाजलेली, लोणी-साखर लावलेली.

५. जपणं म्हणजे पेरणं. गावाबाहेर सीड सेव्हर्स एक्स्चेंजचं शेत आहे. १९७५ मध्ये सुरू झालेली ही संस्था भाज्या-फुलांचे जुने वाण सांभाळते. थंड खोलीत ठेवलेल्या बियाण्याची उगवणशक्तीही हळूहळू कमी होते. ते अधूनमधून पेरून नवं बी धरावंच लागतं.

आपल्या मराठी मंडळांसाठी माझं सांगणं एवढंच : गणपतीत मुलांच्या पानात मोदक वाढणं पुरेसं नाही. त्यांना उकडीच्या पारीला कळ्या पाडायला बसवा, आरती पाठ करून घ्या, आजीला मराठीत पत्र लिहायला लावा. मुलं स्वतः करतील तेवढंच पुढच्या पिढीपर्यंत पोचेल.