विहिरीचे पाणी आणि शेजाऱ्याचा मान

वाचन : योहान ४:५-४२, याकोब २:१-९



याकोबाच्या विहिरीपाशी भर दुपारी थकून बसलेला प्रभू येशू एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात साधा व्यवहारही नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे तिला वाटलेले आश्चर्य समजते. प्रभू तिला जीवनाचे पाणी देणार आहे. पण त्याआधी तो तिच्याच हातचे पाणी मागतो. उपकार करणे सोपे असते, कारण त्यात देणारा वरच राहतो. दुसऱ्याच्या हातचे घेणे म्हणजे त्याला आपल्या बरोबरीचा मानणे. परस्पर आदराचा हा पहिला पाठ.

पाण्याचा हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रालाही परका नाही. १८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. शनिवार पेठेतून तेथे आजही पायी जाता येते. पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, शाळा, दवाखाने सर्वांना खुले असावेत, असे त्यात होते. महाडच्या नगरपालिकेनेही आपले चवदार तळे खुले केल्याचे ठरवले. ठराव झाला, पण तळ्यावर जाण्याची कोणाची छाती होईना. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यांच्या लोकांना मारहाण झाली, तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली, प्रकरण कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी.

यातून आम्हांला दोन गोष्टी शिकाव्याशा वाटतात. कागदावरचा नियम आपोआप माणसाच्या ओठांपर्यंत पाणी नेत नाही. पण नियमच नसता, तर दुबळ्याला उभे राहायला जागाही मिळाली नसती.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने ही जागा पक्की केली. कलम १५ नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून राज्यसंस्थेला भेदभाव करता येत नाही. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते येथे कोणालाही या कारणांवरून अडवता येत नाही. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने ती पाळणाऱ्याला शिक्षा ठरवली. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरोधी कायदा केला. तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आहे. वाळीत टाकणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

तरीही कायद्याला मर्यादा आहेत. कलम १५ मध्ये दुकान आहे, विहीर आहे. भाड्याची खोली मात्र नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा नियम मान्य केला. आपल्या शहरात शिक्षणासाठी, नोकरीसाठी गावोगावची मुले येतात. त्यांचे आडनाव विचारून, धर्म विचारून "खोली गेली" असे सांगितले जाते, तेव्हा पोलिसांकडे जाऊन फारसे काही साधत नाही. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे सदसद्विवेकबुद्धीचे काम सुरू होते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात स्पष्ट सांगितले आहे की, वंश, वर्ण, लिंग, भाषा, धर्म, सामाजिक स्थिती यांवरून माणसाच्या मूलभूत हक्कांत केलेला भेदभाव परमेश्वराच्या योजनेविरुद्ध आहे. हे वचन प्रथम आपल्या घराला लागू पडते. आपल्यातील कोणावर धर्मामुळे अन्याय झाला, तर आपण लगेच संविधानाची आठवण काढतो, आणि ते योग्यच आहे. परंतु स्नानसंस्काराने आपण सारे एक झालो असे म्हणत असताना, सोयरीक जुळवताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न हळूच विचारला जातोच ना? भारतातील कॅथोलिक धर्मगुरूंच्या महामंडळाने, म्हणजे बिशप परिषदेने, २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतही जातिभेद असल्याचे मान्य केले. सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला पायाशी जागा, असे करणाऱ्या मंडळीला याकोबाने खडसावले आहे. ते पत्र बाहेरच्यांना लिहिलेले नव्हते.

आदर म्हणजे सर्वांची मते सारखीच मानणे नव्हे. आपली श्रद्धा आपण मोकळेपणाने सांगावी, शेजाऱ्याची नीट ऐकून घ्यावी. पण मत पटो वा न पटो, माणसाचा मान कमी होत नाही, कारण तो मान आपण दिलेला नाही. तो परमेश्वराने दिलेला आहे.

या आठवड्यात कुटुंबात चर्चेसाठी :

१. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचा कप आणि आपला कप वेगळा आहे का? का?

२. घर किंवा खोली भाड्याने देताना आपण कोणते प्रश्न विचारतो?

३. मिस्सानंतर आपण नेहमी त्याच चार कुटुंबांशी बोलतो का? पुढच्या रविवारी कोणाशी बोलता येईल?